दिवे लागल्यावर काय? – जवानांसाठीचे एड्सविषयक बोधपट आणि त्यांचे प्रेक्षक



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींना प्रश्न पडला असेल. जवानांना एचआयव्हीपासून बचाव शिकवणारे चित्रपट, आणि त्यावर व्याख्यान इचलकरंजीत? इथं सूत, साचे, पाळ्या आणि वीजदर यांवर बोला की! पण आम्हाला वाटतं, हा विषय इथंच बोलायचा आहे. आपला हा सगळा पट्टा सैन्याला माणसं देणारा आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. आणि चित्रपटाचं म्हणाल, तर प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली निघाली ती कोल्हापुरात. फौज आणि सिनेमा, दोन्ही आपल्या घरचे विषय आहेत.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. कुठल्या गावावर किंवा कुठल्या पलटणीवर शिंतोडे उडवायला आम्ही आलेलो नाही. गणवेश घातला म्हणून कोणाला आजार होत नाही. पण विशीतला, बाविशीतला तरुण घरापासून हजार किलोमीटर लांब, नुसत्या पुरुषांच्या सोबतीत, हातात पगार आणि वर्षाकाठी मोजकी रजा अशा स्थितीत राहतो, तेव्हा त्याच्याशी या विषयावर कोणीतरी बोलायला हवं. यंत्रमागावर काम करायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून येऊन एका खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्या कामगाराची स्थिती यापेक्षा फार वेगळी नाही. म्हणून जवानांच्या बोधपटाबद्दल जे बोलू, ते आपल्या गावालाही लागू आहे असं समजून ऐका.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. बोधपट माहिती देतो, आणि ती चांगली देतो. पण माणसाचं वागणं बदलतं ते पडदा पांढरा झाल्यावर, दिवे लागल्यावर जे बोलणं होतं त्यातून. आणि जवानांसाठीच्या बोधपटांची जी परंपरा आहे, तिनं हे बोलणंच अवघड करून ठेवलं. कारण तिच्या गोष्टीत कोणीतरी गुन्हेगार लागतो.

हा गुन्हेगार सिनेमाच्या आधीपासून ठरलेला आहे. ब्रिटिश काळात पुणे, खडकी यांसारख्या छावण्यांत गोऱ्या सोल्जरांना गुप्तरोग फार होत. सरकारनं उपाय काढला तो कायद्याचा. १८६४ चा छावण्यांचा कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा. बाईची नोंदणी करायची, तिची सक्तीनं तपासणी करायची, आजारी सापडली तर 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या दवाखान्यात डांबून ठेवायची. सक्ती बाईवर होती, सोल्जरवर नव्हती. रोग दोघांत फिरतो आणि कायदा एकीलाच धरतो! इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकारिणींनी अशा कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ केली, तेव्हा कुठे १८८० च्या दशकात हे कायदे मागे घेतले गेले. कायदा गेला, पण त्यामागची नजर राहिली. पुढे तीच नजर कॅमेऱ्याला मिळाली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या रंगरूटांसाठी १९१८ मध्ये 'फिट टु फाइट' नावाचा चित्रपट काढला. गोष्ट साधी. छावणीतले काही तरुण शहरात जातात, वेश्यावस्तीत जातात. जो मोहाला बळी पडत नाही तो लढायला लायक ठरतो, बाकीच्यांना आपापल्या वाट्याचं भोगावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात याच वळणाचा 'सेक्स हायजीन' आला, १९४२ चा. आणि तो कोणा नवशिक्यानं केलेला नव्हता. दिग्दर्शक होते जॉन फोर्ड. या चित्रपटात जवान सभागृहात बसून चित्रपट पाहताहेत असं दाखवलंय. म्हणजे पडद्यावर जवान, पडद्यासमोर जवान. मधे डॉक्टर अधिकारी येऊन समजावतो, आणि मग रोगानं सडलेल्या अवयवांची जवळून घेतलेली दृश्यं. एक मान्य करायला हवं, निरोध आणि उपचार यांबद्दल हा चित्रपट आडपडदा ठेवत नाही. सैन्याला भाबडेपणा परवडत नव्हता. पण त्यातली बाई? तिला गोष्ट नाही, नाव नाही, आजारपण नाही. आजार तिच्याकडून येतो एवढंच तिचं काम.

आता याच्या शेजारी आपला एक चित्रपट ठेवून बघू. १९३९ चा, प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा 'माणूस'. तोवर प्रभात पुण्याला गेली होती, पण शांताराम आपल्याच मातीतले. यातही गणवेशातला पुरुष आहे, पोलीस शिपाई गणपत. ते काम शाहू मोडक यांनी केलं. आणि देहविक्रय करणारी मैना आहे, शांता हुबळीकर. हा काही आरोग्याचा बोधपट नव्हे, त्यामुळे तुलना तंतोतंत होणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बघण्याची रीत पाहा. मैनेला विनोद आहे, राग आहे, भूतकाळ आहे. शिपाई तिला सुधारायला निघतो, आणि आपल्याला दिसतं की त्याच्या चांगुलपणालाही मर्यादा आहेत, समाजाच्या तर आहेतच. चित्रपट संपल्यावर प्रेक्षक बोलू लागतो: असं का झालं, तिनं असं का केलं, मी असतो तर काय केलं असतं. 'सेक्स हायजीन' संपल्यावर प्रेक्षक काय बोलणार? तो मान खाली घालून बाहेर पडणार. मराठी पडद्याला १९३९ साली जे जमलं होतं, ते पुढच्या कितीतरी आरोग्यपटांना जमलेलं नाही.

कोणी म्हणेल, हे कलेचं बोलणं झालं. सैन्याला कला नको, परिणाम हवा. बरोबर आहे, परिणामाचंच बघू. 'फिट टु फाइट'ची युद्धानंतर थोडी बदललेली आवृत्ती 'फिट टु विन' नावानं दाखवली गेली. कार्ल लॅश्ली आणि जॉन वॉटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा प्रेक्षकांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला. निष्कर्ष काय? लोकांना माहिती मिळाली. भीती, किळस वाटली, ती ओसरली. वागणं टिकाऊपणे बदलल्याचा पुरावा सापडला नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक काप्रा यांच्या 'व्हाय वुई फाइट' या चित्रपटमालिकेचा अभ्यास तर खुद्द अमेरिकी सैन्यानंच करवून घेतला. कार्ल होवलँड आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये तो ग्रंथरूपानं प्रसिद्ध केला. तिथंही तेच. जवानांना युद्धाविषयीचे तपशील उत्तम लक्षात राहिले, काही मतं थोडी हलली, पण लढण्याची इच्छा चित्रपटामुळे वाढली असं दिसलं नाही. विषय वेगळा, काळ वेगळा. निष्कर्ष मात्र सख्ख्या भावासारखा. चित्रपट डोक्यात जातो, हातापायांत उतरायला त्याला आणखी काहीतरी लागतं.

आता भारतात येऊ. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून देशातला एचआयव्ही पहिल्यांदा उजेडात आला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे 'नॅको' उभी राहिली, आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. महाराष्ट्र जास्त लागण असलेल्या राज्यांत होता, सांगलीचं नाव सतत येत होतं. तेव्हाची प्रचाराची भाषा आठवून बघा. एड्स म्हणजे मरण. एड्सला औषध नाही. तेव्हा ते बरंचसं खरंही होतं. पण भीतीनं झालं काय, की ज्याला लागण झाली तो लपला. लपलेल्या माणसापर्यंत ना डॉक्टर पोचतो, ना बोधपट.

२००२ च्या अखेरीस मुंबईत 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' असे फलक लागले. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. जाहिरात म्हणून हुशार. लोक चहाच्या टपरीवर बलबीर पाशाबद्दल बोलू लागले, आणि आम्ही ज्याला दिवे लागल्यावरचं बोलणं म्हणतो ते तिनं घडवलं, हे श्रेय द्यायला हवं. पण त्या गोष्टीतली मंजुळा पुन्हा तीच, जिच्याकडून धोका येतो ती बाई. टीका झाली, आणि ती रास्त होती.

त्याच वर्षी दूरदर्शनवर 'जासूस विजय' सुरू झालं. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट, दूरदर्शन आणि नॅको यांचा हा उपक्रम. रहस्यकथा, मारामारी, पाठलाग सगळं काही. आणि शेवटी ओम पुरी येऊन प्रेक्षकाला प्रश्न विचारत. आमच्या मते या मालिकेची खरी धिटाई दुसरीकडे होती. नायक विजय स्वतः एचआयव्हीसह जगणारा निघतो. गुन्हा शोधणारा माणूसच संसर्ग झालेला! संसर्ग झालेला म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण एका फटक्यात मोडलं. सेन्सॉर नको, भाषण नको, एवढी एक युक्ती पुरली.

आणखी एक नाव घेऊ. २००७ मध्ये मीरा नायर यांच्या पुढाकारानं 'एड्स जागो' नावाचे चार लघुपट निघाले. त्यातला त्यांचा स्वतःचा 'मायग्रेशन' इचलकरंजीनं जरूर बघावा. खेड्यातला तरुण कामासाठी मुंबईला जातो, बायको गावी. तिथल्या एका श्रीमंत घराशी त्याचा संबंध येतो, आणि विषाणू वर्ग, शहर, खेडं यातलं काही न मानता फिरत राहतो. त्यात खलनायक कोणी नाही. सगळेच एकटे आहेत. 'सेक्स हायजीन'पासून हा पल्ला खूप लांबचा.

आता मूळ मुद्दा, जवानांचं सभागृह. समजा उत्तम चित्रपट मिळाला. तो दाखवायचा कुठं? जिथं सगळे हुद्द्यानुसार बसलेत तिथं. पुढे साहेब, मागे सुभेदार, त्यामागे जवान. फौजेत तास संपला की शिकवणारा विचारतो, "कोई शक?" आणि एका सुरात उत्तर येतं, "नहीं सर!" फौजेत राहिलेल्या कोणालाही विचारा, हे शब्द ऐकून तो हसेल. बंदूक उघडून साफ करण्याच्या तासाला हे ठीक आहे. पण ज्याच्या मनात खरंच शंका आहे, गेल्या महिन्यात रजेवर जाताना आपण काय करून बसलो याची, तो साहेबासमोर हात वर करेल? त्याला ठाऊक असतं की आजार निघाला तर 'लो मेडिकल कॅटेगरी' लागेल. पोस्टिंग, बढती, बरोबरच्यांच्या नजरा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येतं. "कोई शक?" हा इथं प्रश्न राहत नाही. ते तास संपल्याचं निशाण असतं.

अंधाराचा एक गुण मात्र मानला पाहिजे. अंधारात कोण कान देऊन ऐकतंय ते दिसत नाही. तोंडानं जे विचारता येत नाही ते पडद्यावरचं पात्र विचारू शकतं. निरोध कसा वापरायचा हे वडिलांनी, भावानं, मास्तरांनी कधी सांगितलेलं नसतं. ते पडदा सांगतो. शिवाय एकच गोष्ट लाखभर जणांना सारखी सांगायची तर चित्रपटाला पर्याय नाही. म्हणून बोधपट बंद करा असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या नंतरचा अर्धा तास कोणाच्या हाती द्यायचा, ते ठरवा असं म्हणतो.

हे ठरवायला लांब जायला नको, पंचवीस-तीस किलोमीटरवर सांगली आहे. तिथं मीना शेषू आणि 'संग्राम' संस्थेनं १९९० च्या दशकात वेश्याव्यवसायातल्या बायांबरोबर काम सुरू केलं. पुढे त्या बायांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. निरोध वाटणारी, समजावणारी, दवाखान्यात सोबत जाणारी बाई त्यांच्यातलीच. वरून कोणी उपदेश करायला येत नव्हतं. तिची भाषा तीच, तिचा धोका तोच, म्हणून तिला प्रश्न विचारता येत होते. जिला छावणीच्या कायद्यानं डांबलं, जिला बोधपटानं रोगाचं उगमस्थान केलं, तीच इथं शिक्षिका झाली. जवानांसाठीच्या चित्रपटानं सांगलीकडून एवढं जरी घेतलं, तरी पुष्कळ. दिवे लागल्यावर साहेबांनी बाहेर जावं आणि दहा-बारा जवानांच्या घोळक्यात त्यांच्यातलाच, बरोबरीच्या हुद्द्याचा, तयारी करून घेतलेला एक जण बसावा.

भाषेचंही थोडं बोलायला हवं. "असुरक्षित लैंगिक संबंध टाळावेत." हे वाक्य कोण कोणाशी बोलतं? आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं, खटले सोसले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. त्यांचं गद्य रुक्ष असेल, पण ते शब्द लपवत नसे आणि वाचकाला पापी ठरवत नसे. मराठीत ही परंपरा असताना आपले बोधपट सरकारी परिपत्रकाच्या भाषेत का बोलतात, हे आम्हाला कोडं आहे.

आणि आता या सगळ्यात ज्यासाठी जीव तुटतो ती गोष्ट. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवाई दलातल्या एका माजी जवानाला सुमारे १ कोटी ५४ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. २००२ मध्ये, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सैन्याची जमवाजमव झाली होती, तेव्हा तो तिथं आजारी पडला, लष्करी रुग्णालयात त्याला रक्त चढवलं गेलं, आणि त्यातून एचआयव्ही आला. कळलं ते कितीतरी वर्षांनी. आता सांगा, या माणसाला 'फिट टु फाइट'च्या गोष्टीत कुठे बसवायचं? तो मोहाला बळी पडला नव्हता. तो आपल्या कामावर होता, रुग्णालयाच्या खाटेवर होता. ज्या बोधपटात संसर्ग म्हणजे चारित्र्याचा निकाल, तो बोधपट अशा माणसाचा दुसऱ्यांदा अपमान करतो. आणि ज्याला तो बाहेरच्या संबंधातून झाला, त्याचाही अपमान करण्याचा अधिकार चित्रपटाला कोणी दिला?

दुसरी व्यक्ती गावी असते. जवानाची बायको. बोधपटात ती भिंतीवरच्या फोटोत असते किंवा स्टेशनवर निरोप देते. संसर्ग तिच्यापर्यंत नवऱ्याकडून पोचतो, आणि सासरचे तिलाच बोल लावतात. ती त्या सभागृहात कधीच नसते. तिच्यासाठी वेगळा चित्रपट नको. त्याच चित्रपटात तिला बोलू द्या. रजेवर आलेल्या नवऱ्याला ती "तपासणी करून घेऊ, दोघंही" म्हणते, असा एक प्रसंग लिहायला पटकथाकाराला फार कष्ट पडू नयेत.

शेवटाकडे येतो. जुन्या बोधपटाचा शेवट ठरलेला, प्रेत किंवा पश्चात्ताप. हा शेवट आता खोटा आहे, वैद्यकीय अर्थानं खोटा. सरकारनं १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधं द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून, लागण निघाली की रक्तातल्या पेशींचा आकडा न बघता उपचार, हे धोरण आलं. २०११ मध्ये १,७६३ जोडप्यांवरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यातलं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं. लागण झालेल्या जोडीदारानं लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. आज जाणकार सांगतात की औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. धोका झालाय असं वाटलं तर ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधंही आहेत. आणि २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तो भेदभावाला मनाई करतो आणि माणसाची माहिती गुप्त ठेवण्याची हमी देतो. इतकं सगळं हाती असताना चित्रपट स्मशानात का संपवायचा? रोज रात्री एक गोळी घेऊन झोपणारा, सकाळी उठून कामाला जाणारा माणूस हा आजचा खरा शेवट आहे. तो भीतीदायक नाही, म्हणून काहींना कमजोर वाटतो. पण तपासणीच्या खोलीपर्यंत माणसाला घेऊन जाण्याची ताकद त्याच शेवटात आहे. मरायचंच असेल तर कोण कशाला तपासणी करून घेईल?

तेव्हा यापुढे असा कुठलाही बोधपट बघाल, छावणीतला असो, शाळेतला असो की आपल्या एखाद्या कारखान्यात कामगारांना दाखवलेला असो, तेव्हा एवढं तपासा. त्यात रोग कोणाच्या नावावर लिहिलाय? शेवटचं दृश्य मरणाचं आहे की औषधाचं? आणि दिवे लागल्यावर पहिला प्रश्न विचारायची हिंमत सगळ्यात मागच्या रांगेतल्या पोराला होते का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही चांगली असोत, तो चित्रपट अर्धाच दाखवला गेला असं समजा.

आज इथं दिवे आधीपासूनच लागलेले आहेत. आमचं बोलणं संपलं; आता तुम्ही विचारा, आणि मागच्या रांगेपासून सुरुवात करूया.